धूर कुठं साचतो: वाईच्या खोऱ्यातल्या हवेच्या प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

आजपासून नोंदवही सुरू. कनिष्ठ महाविद्यालयातली अकरावी-बारावीची काही मुलं आणि मी, भौतिकशास्त्राची शिक्षिका, असा हा गट. वाईच्या हवेत धूर किती आहे हे मोजायचंच आहे, पण खरा प्रश्न पुढचा आहे: तो कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी आणि किती उंचीवर असतो?

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर. पसरणी घाट चढून गेलं की बारा किलोमीटरवर पाचगणी, जवळजवळ १,३०० मीटरवर. उत्तरेला पांडवगड आणि मांढरदेवचा डोंगर, आग्नेयेला वैराटगड, पश्चिमेला धोम धरण आणि त्यामागे महाबळेश्वरचा कडा. मोकळी बाजू काय ती पूर्वेची, सुरूर-भुईंजकडची. कृष्णा त्याच वाटेनं बाहेर पडते, आणि रात्रीची गार हवाही त्याच वाटेनं बाहेर पडायला बघते. ती कितपत बाहेर पडते, यावर आमचा निम्मा प्रकल्प उभा आहे.

शासनाच्या राष्ट्रीय हवा मोजणी कार्यक्रमात हाताने नमुने घेणारी केंद्रं आठवड्यातून दोनदा चोवीस तासांचे नमुने घेतात, वर्षाला १०४ दिवस. मोठ्या शहराचा वर्षाचा कल कळायला ते पुरेसं आहे. डोंगरांमधल्या गावात मात्र पहाटेची हवा आणि दुपारची हवा ही दोन वेगळ्या गावांची वाटावी इतकी वेगळी असते, आणि चोवीस तासांच्या सरासरीत नेमकं तेच बुडून जातं. म्हणून आम्ही दर दोन मिनिटांनी नोंद घेणार आहोत.

२२ ऑक्टोबर २०२३

तीन यंत्रं तयार. प्रत्येकात धूलिकण मोजणारा पीएमएस ५००३ सेन्सर, तापमान-आर्द्रता-हवेचा दाब यांसाठी बीएमई २८०, आणि नोंदी साठवायला मेमरी कार्ड. वायफायवर अवलंबून राहायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. घाटात ते मिळणार नाही आणि गावात वीज गेली की तेही जातं.

तापमान खरं मिळायचं तर सेन्सरवर ऊन पडता कामा नये, पण वारा खेळला पाहिजे. मुलांनी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा उपड्या करून एकावर एक रचल्या. मध्ये बोटभर फट ठेवायला पेनच्या नळ्या कापून घातल्या आणि चार लांब स्क्रूंनी सगळं आवळलं. वरच्या बशीला भोक नाही, खालच्या सगळ्यांना मधोमध आहे. त्या पोकळीत सेन्सर टांगला. वेधशाळेतल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीचंच तत्त्व, खर्च बशांचा.

तिन्ही यंत्रं आठवडाभर एकाच गच्चीवर शेजारी ठेवून पाहिली. एकाच हवेत ती थोडे वेगळे आकडे दाखवतात, तो फरक टिपून ठेवला. यापुढे प्रत्येक आकड्यातून तो वजा होईल.

जागा ठरल्या: पहिलं गणपती आळीजवळ, नदीपासून जवळच्या गच्चीवर. दुसरं पसरणी घाटाच्या निम्म्यावर एका शेतघरात. तिसरं पाचगणीत ओळखीच्यांकडे, खोऱ्याच्या बाजूच्या भिंतीला.

५ नोव्हेंबर २०२३

पहाटेच्या तापमानांची पहिली तुलना.

उंचीबरोबर हवा सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. वाई-पाचगणीत ६०० मीटरचा फरक, म्हणजे पाचगणी सुमारे चार अंशांनी गार हवी. दुपारी तसं दिसतंही. आज पहाटे सहाला मात्र पाचगणी वाईपेक्षा उबदार होती आणि घाटातलं यंत्र त्या दोघांहून उबदार. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

कारण साधं आहे. पाऊस संपला, आकाश निरभ्र झालं, वारा पडला. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला लागून असलेली हवा गार होते. उतारावरची गार हवा जड होऊन खाली घसरते, हेच पर्वतीय वारे. ती खोऱ्याच्या तळाशी गोळा होते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. खालची जड हवा वर जाऊ शकत नाही. पातेल्यावर झाकण पडावं तसं हे होतं, आणि पातेल्यात गाव असतं.

दर हिवाळ्यात बातमी येते की पुणं महाबळेश्वरपेक्षा गार झालं. लोकांना त्याचं नवल वाटतं. खुद्द महाबळेश्वरातही गावठाणात थंडी साधारण असते, तेव्हा खालच्या वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. गार हवा खोलगट जागेत उतरून साचते, हा एकच नियम तिथंही आणि इथंही. फरक इतकाच की वेण्णा लेकवर त्या साचलेल्या हवेत हिमकण होतात, वाईत धूर होतो.

राज्यातला गाळप हंगाम १ तारखेला सुरू झाला. आता ऊसतोड, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या सगळं पुढच्या काही आठवड्यांत पेटेल, आणि नेमकं त्याच काळात हे झाकण दर रात्री बसायला लागलं आहे. खोऱ्याची खरी अडचण ही आहे.

१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके साधारण साडेअकराला थांबले. खालचा, म्हणजे वाईतल्या धूलिकणांचा, आकडा पहाटेपर्यंत जवळजवळ तसाच राहिला, उतरला तो सकाळी नऊनंतर. पाचगणीतही फटाके उडाले होते, पण तिथला आकडा तासाभरात खाली आला. वरचा धूर उतारानं निघून जातो. कुठं जातो हे वेगळं सांगायला नको.

३ डिसेंबर २०२३

या महिन्याभराच्या नोंदी मुलांनी तासावार मांडल्या आणि तिन्ही ठिकाणांचे आलेख एकाखाली एक लावले. असं काही दिसेल असं मला वाटलं होतं, पण इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

वाई: संध्याकाळी साडेसहानंतर चढ. रात्री दहाच्या सुमारास थोडं स्थिर, मग पहाटे पाचपासून पुन्हा चढ. सर्वांत वाईट वेळ सकाळी सात ते साडेआठ. साडेनऊ-दहाला कडा तुटल्यासारखा खाली. दुपारी तीनला दिवसातली सर्वांत चांगली हवा.

घाटाचा मध्य: पहाटे हवा चांगली, वाईपेक्षा कितीतरी चांगली. मात्र साडेनऊच्या सुमारास, वाईचा आकडा उतरतो तेव्हा, घाटातला चढतो. अकराच्या पुढे तोही उतरतो.

पाचगणी: सकाळभर स्वच्छ. दुपारी एक ते चारच्या दरम्यान छोटासा फुगवटा.

म्हणजे धुराचा थर डोंगर चढतो. सकाळी ऊन पडलं की जमीन तापते, खालची हवा ढवळायला लागते आणि ढवळणाऱ्या थराची उंची वाढत जाते. रात्रभर तळाशी कोंडलेला धूर त्याबरोबर वर येतो. आधी घाटाच्या मध्यावर, मग पठाराच्या कडेला. दुपारी ऊन लागलेल्या उतारांवरून हवा वर सरकते, ते दरीय वारे. दुपारी सिडनी पॉइंटवरून धोमचं पाणी आणि समोरचे डोंगर धुरकट दिसतात तेव्हा पर्यटक म्हणतात, धुकं आहे. दुपारी तीनला धुकं नसतं. वाईच्या सकाळचा धूर असतो तो, पातळ झालेला.

आकडेमोड फळ्यावर करून दाखवली. रात्री ढवळणारा थर दीडशे मीटरचा धरा आणि दुपारी दीड हजार मीटरचा. तेवढाच धूर दहापट जागेत पसरतो. कुणी एक काडीही कमी जाळली नाही तरी दुपारी हवा सुधारते, आणि कुणी एक काडीही जास्त जाळली नाही तरी सूर्यास्तानंतर बिघडते.

एक बारकावा मला फार आवडला. पांडवगडाचा गावाकडचा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्याच्यावर थेट पडतं. पाचगणीच्या पठाराचे उत्तरेकडचे उतार त्या वेळी सावलीत किंवा अर्धवट उन्हात. त्यामुळे सकाळी धूर आधी पांडवगडाच्या बाजूनं उठतो आणि पसरणीच्या बाजूला रेंगाळतो. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी हे दिसतं, यंत्र लागत नाही. साडेआठला उभं राहून बघा.

पाचगणीत पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या एका परिचितांना आलेख दाखवले. ते म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला पाठ आहे. हॅरिसन फॉलीवरून सकाळी उडालो तर हवा मऊ, काही लिफ्ट नाही. अकराच्या पुढं थर्मल सुरू होतात. आणि वर गेलो की एका उंचीला धडक बसल्यासारखं होतं, त्याच्यावर थर्मल जातच नाही. खालची हवा मळकट, वरची एकदम निळी. ती रेघ हातानं दाखवता येते." थर्मल म्हणजे तापून वर उसळणाऱ्या हवेचे झोत. इन्व्हर्जन, म्हणजे तापमानाची विपरीतता, हा शब्द त्यांच्या तोंडी रोजचा. त्यांच्या उड्डाणाच्या यंत्रात उंचीची नोंद असते, ती रेघ किती उंचीवर दिसली हे ते आता टिपून देणार आहेत. आम्हाला फुग्याला यंत्र बांधून सोडणं परवडणार नाही, त्यामुळे ही मदत फार मोलाची.

१७ डिसेंबर २०२३

नदीकाठच्या एका वीटभट्टीवर गेलो. मालक वयस्कर, मुलं त्यांना तात्या म्हणत होती.

मी विचारलं, "तात्या, भट्टी दुपारी पेटवून रात्री बंद नाही का ठेवता येत?"

"बाई, ही काय चूल आहे का? एकदा पेटली की आतल्या आत जळत जाती, पाक भाजून निघंपर्यंत. मधी इझवली तर सगळा माल कच्चा. अन् कच्ची ईट कोन घेनार?"

खरं आहे. कच्च्या विटांचे थर, मधून मधून कोळसा, भुसा, बगॅस (उसाची चिपाडं), वरून मातीचा लेप. आत विस्तव हळूहळू सरकतो, आठवड्यांच्या हिशेबानं. याला रात्र-दिवस नाही.

भट्ट्या नदीकाठीच का, हेही विचारलं. पोयट्याची माती इथं, पाणी इथं, मालाच्या गाडीला रस्ता इथं. डोंगरावर मुरूम आणि कातळ, त्याची वीट होत नाही. घरी येताना हाच विचार मनात होता. आपण म्हणतो डोंगरामुळं धूर अडकतो. पण धूर करणाऱ्या बहुतेक गोष्टी तळाशी आणणारेही हेच खोरं आहे. गाळाची माती तळाशी, म्हणून भट्ट्या आणि ऊस तळाशी. पाणी तळाशी, म्हणून गाव तळाशी. सपाटी तळाशी, म्हणून रस्ते तळाशी. गार हवाही तळाशीच येते. यातला एकही माणूस दुसऱ्यावर सूड उगवायला धूर करत नाही, आणि तरी सगळ्यांचा धूर एकाच जागी जमतो.

भट्टीच्या कामगारांची पालं भट्टीला लागूनच. त्यांची लहान मुलं रात्रभर त्याच हवेत झोपतात. गच्चीवरच्या आकड्यात ती मुलं दिसत नाहीत. चौथं यंत्र करायचं आणि परवानगी घेऊन तिथं लावायचं, हे आज पक्कं केलं.

७ जानेवारी २०२४

धुक्याचा प्रश्न. पहाटे नदीवर आणि पाणी दिलेल्या उसात दाट धुकं, आर्द्रता नव्वदच्या पुढे, आणि यंत्र भयानक आकडे दाखवतं. हा सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते मोजतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि मोठे दिसतात, धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. पाणी काही फुप्फुसाला धुरासारखं बाधत नाही.

म्हणून नियम: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असलेल्या नोंदी वेगळ्या रंगात दाखवायच्या आणि सरासरीत घ्यायच्या नाहीत. असं केल्यावर सकाळी सातचा शेंडा खुजा होतो, पण नाहीसा होत नाही. धुकं नसलेल्या कोरड्या पहाटाही आहेतच, त्यांत तो शेंडा तसाच उभा आहे. कुणी "तुमचं यंत्र धुकं मोजतं" असं म्हणालं तर आता उत्तर आहे.

शेजारच्या काकूंशी बंबाबद्दल बोलले. आमच्या आळीत अजून बरेच तांब्याचे बंब आहेत, पहाटे साडेपाचला पेटतात. लाकूड, गोवऱ्या, नारळाची करवंटी ठीक. पण पेटवण म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, कधी सायकलच्या टायरचा तुकडा जातो. काकूंना मी एवढंच म्हटलं, "पेटवायला कागद-काडी घ्या, पिशवी नको." त्या म्हणाल्या, "अगं, थंडीत लाकूड दमट असतं, पेटत नाही." मग त्यांच्या गच्चीवरच्या बंद पडलेल्या सौर हीटरची गोष्ट निघाली. क्षार साचून नळ्या तुंबल्यात. बारावीतली दोन मुलं रविवारी तो साफ करायला जाणार आहेत. प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचं काम, पण करण्यासारखं.

२० जानेवारी २०२४

आज वर्गात दोन जुन्या घटना सांगितल्या. बेल्जियममधलं म्यूज नदीचं खोरं, डिसेंबर १९३०: कारखान्यांच्या धुरावर अनेक दिवस इन्व्हर्जन बसून राहिलं, सुमारे साठ माणसं गेली. अमेरिकेतलं डोनोरा, ऑक्टोबर १९४८: मोनोंगाहेला नदीच्या वळणातलं गाव, जस्ताचा आणि पोलादाचा कारखाना, पाच दिवस झाकण हललं नाही, वीस माणसं गेली आणि हजारो आजारी पडली. पाऊस आल्यावर हवा मोकळी झाली.

वाईत तसे कारखाने नाहीत, आणि आमचं झाकण रोज सकाळी उन्हानं उठतं. १८ अंश अक्षांशावर हिवाळ्यातही दुपारचा सूर्य जवळजवळ ४८ अंश उंच येतो, म्यूजच्या खोऱ्यात डिसेंबरात तो जेमतेम १६-१७ अंशांवर असतो. हा फरक मी मुद्दाम स्पष्ट केला, मुलांनी घाबरून जाऊ नये म्हणून. पण डोंगर, नदी, गाव, धूर आणि निवांत हवा ही मांडणी तीच आहे, हेही सांगितलं.

तास संपल्यावर एक मुलगा थांबला. पोलीस भरतीची तयारी करतोय. "मॅडम, आम्ही पाचला उठून नदीकडच्या रस्त्यावर पळतो. सोळाशे मीटरचं टायमिंग बसवायचंय. मग आता पळायचं कधी?"

साताऱ्यात हा प्रश्न लहान नाही. प्रत्येक गावात पहाटे भरतीची पोरं पळत असतात. धावताना माणूस बसलेल्यापेक्षा अनेकपट हवा ओढतो, तीही तोंडानं, आणि ती वेळ म्हणजे आमच्या आलेखातला बरोबर पहाटेचा चढ. त्याला दोन पर्याय दिले. वेळ बदलायची असेल तर दुपारी चार ते साडेपाच. वेळ तीच ठेवायची असेल तर उंची बदल: पसरणीच्या वर, घाटाच्या पहिल्या वळणांच्या पुढं. त्याच पहाटे, त्याच क्षणी, तिथली हवा गावापेक्षा स्वच्छ असते. चढ असल्यानं दमही वाढेल. तो हसला आणि म्हणाला, "मग सोळाशेला डोंगराचाच सराव होईल."

११ फेब्रुवारी २०२४

उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणारा वाळका पाला. दोन-तीन शेतकऱ्यांशी सविस्तर बोललो. बहुतेक जण संध्याकाळी पेटवतात, आणि आम्ही आलेख घेऊन "दुपारी पेटवा" सांगायला गेलो होतो. एक आबा शांतपणे म्हणाले, "दुपारी वारं असतंय. शेजारच्याचा उभा ऊस पेटला तर भरून कोण देणार, तुम्ही? दिवस मावळताना वारं पडतं म्हणून तवा लावायचं."

त्यांचं बरोबर आहे. ज्या निवांत हवेमुळं आग आटोक्यात राहते, त्याच निवांत हवेमुळं धूर गावावर बसतो. वेळ बदलण्याचा सल्ला इथं चालत नाही. आगीच्या दृष्टीनं सुरक्षित वेळ आणि धुराच्या दृष्टीनं सुरक्षित वेळ या दोन वेगळ्या आहेत, आणि त्यातून शेतकऱ्यानं आगीचा धोका निवडावा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

उरतो एकच रस्ता, न जाळण्याचा. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटून येणाऱ्या पिकात) पाचट सरीत दाबून ठेवलं, कुट्टी करून वर थोडं युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं, की ते कुजतं, ओल टिकते, तण कमी येतं. हे कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे आणि काही जण करतातही. अडचण कुट्टी यंत्राच्या भाड्याची, आणि ते वेळेवर मिळण्याची. आबांच्या पुतण्यानं मागच्या वर्षी एका एकरात केलं, या वर्षी सगळ्या खोडव्यात करणार आहे. त्याचं शेत आम्ही मुलांना दाखवलं. पाचट वर करून खालची माती हातात घेतली तर गार, भुसभुशीत, गांडुळं होती. शेजारच्या जाळलेल्या रानात राख आणि भेगा.

हळद शिजवणंही जोरात सुरू आहे. कायलींखाली पाचट आणि वाळका पाला जळतो. मात्र ते काम दिवसा चालतं, आलेखात फारसं उमटत नाही.

३ मार्च २०२४

वणवा. काल रात्री पांडवगडाच्या बाजूला आगीची माळ दिसत होती. गवत जाळलं की नवं गवत चांगलं येतं हा समज अजून गेलेला नाही. वनखात्यानं जाळरेषा (आग अडवायला आधीच गवत जाळून मोकळे केलेले पट्टे) काढल्या आहेत, तरी आग कुठून तरी सुरू होतेच.

मोजणीतून कळलं ते असं. ज्वाळा असतात तोपर्यंत गरम धूर वर उसळतो आणि खालच्या यंत्राला फारसं काही कळत नाही. मध्यरात्रीनंतर ज्वाळा विझतात, बुंधे आणि शेण धुमसत राहतं, तो धूर थंड असतो. उतारावरच्या पर्वतीय वाऱ्याबरोबर तो घसरत खाली येतो. वाईचा आकडा रात्री दोनच्या पुढं चढायला लागला, तेव्हा डोंगरावर दिसायला काहीच नव्हतं. ज्यांनी संध्याकाळी आग बघितली ते झोपले होते, आणि धूर त्यांच्या खिडकीतून आत येत होता.

वणव्यात जळतं ते गवतच नाही. सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, करवंदाची फुटवी. हवेचा प्रकल्प म्हणून सुरू झालं तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२५ मार्च २०२४, धुळवड

होळीच्या रात्रीचा चढ दिवाळीपेक्षा लवकर ओसरला. मार्चअखेर रात्र लहान, जमीन तापलेली, झाकण कमकुवत.

५ मे २०२४

उन्हाळ्यात सूक्ष्म कणांचा आकडा पडला. ढवळणारा थर दुपारी दोन-अडीच किलोमीटरपर्यंत जातो, वारा असतो. पण गच्चीवर हात फिरवला तर धुळीनं पांढरा होतो. हा सेन्सर जाड धूळ नीट पकडत नाही, त्यामुळे आकडा कमी म्हणजे हवा स्वच्छ, असा अर्थ मे महिन्यात घ्यायचा नाही.

त्यासाठी दुसरी पद्धत. काचपट्टीला व्हॅसलीनचा पातळ थर लावून चोवीस तास उघडी ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. जानेवारीतल्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या. त्यांत काजळीचे काळे झुपके, अर्धवट जळलेल्या उसाच्या पानाचे जाळीदार तुकडे. मेच्या पट्टीत मातीचे तांबूस-पारदर्शक कण, परागकण, एक फुलपाखराच्या पंखाचा खवला. वर्षाचा हिशेब दोन काचांवर. तो खवला बघायला मुलांची रांग लागली होती.

परवा वळीव आला, त्याआधीच्या वावटळीनं सगळी धूळ उडवली, मग पंधरा मिनिटांत जमिनीवर आणून ठेवली.

१६ जून २०२४

पाऊस सुरू. घाटातलं यंत्र काढून आणलं, बशांमध्ये कोळ्यानं जाळं केलं होतं आणि सेन्सरच्या तोंडाशी मातीची लिंपण. कुंभारमाशीचं काम.

पाऊस हवा धुतो असं म्हणतात, ते जाड कणांबाबत खरं. एक मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दहाव्या भागापासून एक मायक्रॉनपर्यंतचे कण मात्र थेंबाच्या भोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात आणि सुटतात, आणि धुराचे बरेच कण याच मापाचे असतात. तरी आकडा इतका खाली का? कारण वारा आता समुद्रावरून येतो, सह्याद्री ओलांडून. वीटभट्ट्या बंद, पाचट नाही, गवत ओलं. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवरचं वाई पर्जन्यछायेत, तरी वाऱ्याचा फायदा वाईलाही मिळतो.

२८ जुलै २०२४

बाहेर वर्षातली सर्वोत्तम हवा. म्हणून यंत्र स्वयंपाकघरात नेलं. धोमच्या पलीकडच्या एका वाडीत, एका विद्यार्थिनीच्या घरी. गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरतात. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. सरपण ओलं, दारं-खिडक्या पावसासाठी बंद. तिची आई फुंकणीनं फुंकत होती आणि डोळे पुसत होती. आकडा आमच्या जानेवारीच्या सर्वांत वाईट सकाळपेक्षाही वर गेला आणि चूल विझल्यावरही बराच वेळ उतरला नाही.

देशाची सूक्ष्म (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या) कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. देशाची मर्यादा बाहेरच्या हवेसाठी आहे; संघटनेची घरातल्या हवेलाही लागू होते, पण बोलणं होतं ते बाहेरच्याच हवेचं. या माउलीची हवा कोणत्या तक्त्यात मांडायची? पावसाळा आला की हवेच्या बातम्या थांबतात, घरातल्या बाईचा धूर तेव्हाच वाढतो. पुढच्या वर्षीच्या मोजणीत जून ते सप्टेंबर हा घरातल्या हवेचा हंगाम धरायचा, असं ठरवलं. तूर्त चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवायला मुलीचे वडील तयार झाले आहेत.

२९ सप्टेंबर २०२४

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातली पुणे, कोल्हापूर, सांगली अशी मोठी शहरं आहेत. वाईसारखी गावं नाहीत, आणि ती लवकर येतील असं मला वाटत नाही. म्हणून जे इथल्या इथं करता येईल तेवढं या हिवाळ्याआधी:

शाळांना पत्र गेलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदानावरचा व्यायाम सकाळी सातऐवजी दुपारच्या तासाला घ्यावा. दोन शाळांनी होकार दिला. एकीनं "बसचं वेळापत्रक बसत नाही" असं कळवलं, तिच्याशी पुन्हा बोलायचं.

कचरा पेटवणं संध्याकाळी होतं, ते थांबवण्यासाठी आळीआळीत तासावार आलेखाचा कागद लावायचा. मुलांनी तो मोठ्या अक्षरांत काढला आहे, आकडे कमी, रंग जास्त.

कुट्टी यंत्रासाठी आबांच्या पुतण्यानं आणखी शेतकरी गोळा केलेत, भाडं वाटून घेणार. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा यंत्र धरून ठेवायचं.

चौथं यंत्र तयार आहे. भट्टीच्या तात्यांनी परवानगी दिली, वीज त्यांच्या मोटारीच्या खोलीतून घेता येईल. कामगार दिवाळीनंतर येतात, त्याआधी खांब रोवायचा.

भरतीचा मुलगा निवडला गेला, प्रशिक्षणाला गेला. त्याच्या गटातली बाकीची पोरं अजून घाटात पळतात, त्यांच्याकडे घाटातलं यंत्र सांभाळायला दिलं आहे. कोळ्याचं जाळं दर आठवड्याला काढायचं आणि कार्ड बदलायचं.